गढूळ पाण्याची चकती

दादा, तुमची नात काल संध्याकाळी समुद्रात मासे धरायला गेली होती, एकटी. तिच्याकडं शनिवारची संध्याकाळ होती तेव्हा इकडं तुळजापुरात रविवार उजाडत होता. तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता ती कॅनडात समुद्राकाठच्या एका गावात नोकरी करते आणि सुट्टीला कयाक घेऊन पाण्यात जाते. कयाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती होडी, इतकी अरुंद की फोटोत बघूनच माझा जीव खालीवर होतो. तिथं सॅमन नावाचा मोठा, ताकदीचा मासा असतो. हळूहळू वल्हवत त्याच्यासाठी मागं गळ ओढत न्यायचा, असं तिनं मला सांगितलं तेव्हा मी हसले. म्हटलं, हे तर तुझे आजोबा नळदुर्गच्या धरणात ट्रकच्या ट्यूबवर बसून करायचे.

पहाटे साडेपाचला आमच्या खानावळीत पहिलं पीठ मळत होते आणि तिचा फोन आला. ती दुकानात उभी होती. कॅमेरा फिरवून तिनं भिंत दाखवली. भिंतभर खोटे मासे, चमचे आणि चकत्या, हिरव्या, लाल, चांदीच्या. "आई, मला दोन चकत्यांमधली एक घ्यायचीय. ही हातभर लांब आहे, लई चमकते. आणि ही लहान, जरा मळकट. कुठली घेऊ?" मी विचारलं, पाणी कसं आहे? "दोन दिवस पाऊस होता. नदीचं पाणी आलंय, गढूळ असेल." मी पिठाच्या हातानं फोन धरला होता. म्हटलं, लहान घे. "नक्की?" व्हय, नक्की, लहानच घे. ती म्हणाली, साडेनऊपर्यंत काठावर येऊन फोन करते, तुझ्या साडेनऊपर्यंत. आणि फोन ठेवला.

तुम्हाला हे ऐकून काय वाटलं असतं ते मला माहीत आहे. हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात, दोन ट्रकांच्या मधल्या रिकाम्या वेळात, तुम्ही जुन्या स्टोव्हची पितळी टाकी कापून तिच्या चकत्या ठोकत बसायचात. घरातले चमचे गायब व्हायचे म्हणून आई करवादायची. चमच्याला गळ, आणि त्याच्या हातभर पुढं नायलॉनच्या तंगुसाला बांधलेली चकती. चकतीला गळ नसतो, ती नुसती गरगर फिरून उजेड फेकते आणि मरळीला बोलावते. हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल. "निवळ पाण्यात लहान लाव, न्हायतर मासा बुजतो. गढूळ पाण्यात मोठी. त्याला दिसलंच न्हाय तर त्यो येईल कसा?" मी आठवीत होते तेव्हा हे मला पाढ्यासारखं पाठ होतं.

आठवीतलाच तो दिवसही. दुपारचे चार वाजलेत. ट्रकच्या दोन ट्यूब, त्यांच्यावर बांधलेल्या तीन फळ्या, मागं तुम्ही, पुढं मी. माझं काम एकच, वाकून पाण्यात बघत राहायचं, कारण धरणात बुडालेल्या बाभळी त्या अंगाला उभ्या आहेत. ऊन डोळ्यावर येतंय. पाणी मध्येच गढुळलंय आणि मला खालचं काहीएक दिसत नाही, पण मान दुखतेय आणि मला घरी जायचंय. तुम्ही मागून विचारता, "खालचं दिसतंय का गं?" मी म्हणते, "दिसतंय की. साफ हाय." आणि पाच-सहा वल्ह्यांतच माझ्या डाव्या मांडीखाली फुस्स आवाज येतो. तो आवाज मी दुकानात रोज ऐकत होते, पण पाण्याच्या मधोमध तो फार वेगळा लागतो. फळ्या तिरक्या झाल्या. तुम्ही एका हातानं मला धडक्या ट्यूबवर ढकललंत, स्वतः पाण्यात उतरलात आणि पाय मारत मारत ती ट्यूब काठाकडं ढकलत राहिलात. मी रडत होते. तुम्ही फक्त एवढंच म्हणत होतात, "धर. नीट धर." त्या दिवशीची चकती, तंगूस, वल्हं, सगळं तिथंच गेलं.

काठावर आल्यावर तुम्ही मला मारलं नाही. बराच वेळ दम खात बसलात. मग म्हणालात, "दिसत नव्हतं तर दिसत न्हाय म्हणायचं. त्यात लाज कसली? तू म्हणालीस साफ हाय, म्हणून म्या तिकडं वळवलं." दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती फुटकी ट्यूब तुम्ही माझ्याच पुढ्यात टाकलीत. पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते मला शोधायला लावलं, काटा मला काढायला लावला, घासून, सोल्युशन लावून ठिगळही मलाच चिकटवायला लावलं. आणि पुढच्या रविवारी त्याच ट्यूबवर, त्याच जागेवर, मला पुढं बसवलंत आणि पुन्हा तेच विचारलंत, "खालचं दिसतंय का गं?" मी म्हणाले, "न्हाय." तुम्ही लगेच दुसरीकडं वळवलंत.

मला वाटायचं तुम्हाला भीती नव्हतीच. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, "त्या रविवारी ह्यांनी सकाळपासून भाकरीला हात लावला न्हवता. म्या म्हटलं, पोरीला नका नेऊ. तर म्हणले, आज न्हाय नेली तर ती कायमची काठावर बसंल."

साडेनऊ वाजले, दादा. फोन आला नाही. रविवारचं सोलापूरकडून येणाऱ्या गाड्यांचं गिऱ्हाईक, दर्शन उरकून आलेली माणसं ताटावर बसलेली, आणि मी तव्यावरच्या भाकरीकडं बघत उभी. आमटीत मी दुसऱ्यांदा मीठ टाकलं. गल्ल्यावरून तुमचे जावई उठून आले. "अगं, आमटी तोंडात धरवंना. काय झालंय?" मी म्हटलं, पोरीचा फोन नाही. "ती काय लहान हाय का? येईल की." पण तेही गल्ल्यावर परत गेले नाहीत, चुलीपाशीच उभे राहिले. मी फोन लावला, लागला नाही. पावणेदहा. दहा. मी मनाशी म्हणत होते, लहान चकतीला मासा लागणार नाही, कंटाळून ती लवकर काठावर येईल, म्हणून तर मी सांगितली. मग उलटं वाटायला लागलं. मासा लागत नाही म्हणून ती आणखी आत गेली असेल तर? एकेक वल्हं करत, आणखी थोडं, आणखी थोडं. आणि हे मीच तिला करायला लावलं असेल तर? भाकऱ्या दुसऱ्या बाईच्या हाती देऊन मी मागच्या मोरीपाशी जाऊन बसले.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी फोन आला. ती भिजलेली होती, ओठ निळसर, आणि हसत होती. हातात धरवेना एवढा मासा. त्यानं कयाकसकट तिला अर्धा तास ओढत नेलं म्हणे. "आई, मी मोठीच घेतली. दुकानातून बाहेर येऊन पाणी बघितलं, एकदम गढूळ होतं. गढूळ पाण्याला मोठी चकती, आजोबा म्हणायचे, असं तूच तर मला लहानपणापासून सांगितलंयस. मग तू लहान का सांगितलीस?" मी म्हटलं, विसरले गं, वय झालं आता. तिनं ते खरं मानलं. तुमचे जावई मोठ्यानं हसले, गिऱ्हाइकांना माशाचा फोटो दाखवत फिरले. मी पुन्हा तव्यापाशी गेले.

आता दुपार झाली आहे, ताटं धुऊन झाली आहेत आणि मी हे कागदावर लिहिते आहे. तो कुठं टाकायचा ते मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी ती परत जाणार आहे, मला विचारेलच. त्या वेळी मी मोठी म्हणेन की पुन्हा खोटं बोलून लहान म्हणेन, हे मला आज खात्रीनं सांगता येत नाही. तुमच्यासारखं उपाशी राहून तिला पुढं बसवणं मला अजून जमलेलं नाही. आणि एक गोष्ट तिलाही सांगितली नाही, तुमच्या जावयांनाही नाही. पडद्यावर तिचा चेहरा दिसला, ती जिवंत आहे हे कळलं, तेव्हा मला आधी आनंद झाला नाही, दादा. आधी राग आला, तिनं माझं ऐकलं नाही म्हणून.