ट्रे निघेपर्यंत

प्रिय धाकट्या,

अरे, मला हॉस्पिटलातून घरी येऊन तीन आठवडे झाले आणि तुझं तोंड काही दिसलं नाही. तुझी वहिनी म्हणते, बेकरी एकट्याच्या अंगावर पडलीय, वेळ मिळत नसेल. मला सांगतेय! शाळा बुडवून तू वेळ कसा काढायचास, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

माझं बरं चाललंय. सकाळी वीस मिनिटं चालतो. वहिनी घड्याळ घेऊन मागे, जणू मी पळूनच जाणार आहे. व्यायाम घेणारी नर्स तर नुसती हवालदार; जिन्यावर दम लागलेला लपवूच देत नाही. रोजच्या गोळ्या पाच. आणि सिगारेट सुटली. हसू नकोस, खरंच सुटली.

हृदयाचा थोडा भाग मात्र कायमचा दुबळा झालाय. छातीत दुखायला लागल्यावर किती वेळाने निघालात, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. चाळीस मिनिटांनी, म्हणालो. का, तर भट्टीत ब्रेड होता. बाईंनी हातातलं पेनच खाली ठेवलं. लगेच आला असतात तर बंद पडलेली रक्तवाहिनी लवकर उघडता आली असती, म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल वहिनीने एकदाचं सांगितलं, की तू त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडत होतास. दादाचं ऐकायला नको होतं, असं म्हणत होतास. अरे वेड्या! तू अँब्युलन्ससाठी फोन उचलला होतास. तो तुझ्या हातातून हिसकावला मी. पीठ मळून खांदा भरून आलाय, ट्रे निघाल्याशिवाय हलणार नाही, असं खेकसलो मी. तू लहानपणापासून माझं ऐकत आलास, तसंच तेव्हाही ऐकलंस. मूर्खपणा सगळा माझा. तुझ्यावर माझा कणभरही राग नाही.

आता पत्र का लिहिलं ते. बाबा पन्नाशीच्या आतच असंच छातीत दुखून अचानक गेले, हे कळल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भावाची तपासणी आधी करा. गुरुवारी अकराची वेळ तुझ्यासाठी घेतलीय. हॉस्पिटलच्या दाराजवळच्या बाकावर मी बसलेला असेन. बेकरीला कुलूप लाव आणि ये. आणि इथून पुढे मी कितीही आरडाओरडा केला, तरी अशा वेळी माझं मुळीच ऐकायचं नाही. तुझ्याशिवाय मला करमत नाही रे.

तुझाच,
हट्टी दादा