आप्पांच्या ओव्या ठेवायच्या कुठे?

मु. पो. आटपाडी

ती. हरणाबाई आत्तीस,

समीक्षाचा पाया पडून नमस्कार. तुझे गुडघे आणि मामांची साखर (कारखान्यातली नव्हे, रक्तातली) कशी आहे ते कळव. इस्लामपूरला थंडी पडली असेल.

आप्पांच्या घशाची जखम भरली आहे. आवाज मात्र परत येणार नाही, असे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले. त्यांनी गायलेल्या बिरोबाच्या ओव्या आता फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. (ऑपरेशनाआधी मी त्या सुंबरानाच्या नमनापासून रेकॉर्ड करत बसले, तेव्हा घरात सगळ्यांनी मला रिकामटेकडी ठरवले होते.) मागच्या महिन्यात तो कॉम्प्युटर सुरूच होईना. दुपारी तो आपणहून सुरू झाला. घरात पदवीधर मी एकटीच, त्यामुळे हा विषय मीच हाती घेतला. शास्त्र असे सांगते की मूळ धरून तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक तरी गावाबाहेर असावी. रात्री जेवताना मी हे सर्वांना समजावून सांगितले. बापूंनी भाकरी मागितली.

हार्ड डिस्क आणून तिच्यात ओव्या भरल्या आणि ती कुठे ठेवू असे आईला विचारले. घरात कुणीही हात न लावणारी जागा म्हणजे देव्हारा, म्हणून तिने ती बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवली. अमावास्येला बापूंनी नेहमीप्रमाणे देव खाली काढले, दुधाने धुतले, भंडारा लावला. डिस्कलाही. मी विचारले तर म्हणाले, "देव्हाऱ्यातल्या एकाला आंगूळ घालायची आन् दुसऱ्याला तसंच ठिवायचं व्हय?" डिस्क बंद पडली. पण आई ती बाहेर काढू देत नाही. पूजा झाल्यावर ती आपली राहिली नाही, असे तिचे म्हणणे आहे. रोज तिला फूल असते.

दुसरी प्रत आपल्या विश्वजितने पेनड्राइव्हवर घेतली आणि तो ट्रॅक्टरच्या टेपला लावला. ट्रॅक्टर सध्या पलूसच्या फडात ऊस ओढतो आहे. ओव्या मोठ्या आवाजात सुरू आहेत आणि तोडणारे खूश आहेत, असे त्याने फोनवर सांगितले. धूळ, डिझेल यांविषयी मी त्याला बरेच बोलले. "आगं, ऐकू यायला लागलंय नव्हं?" एवढेच तो म्हणाला.

तेव्हा मी नवी डिस्क घेतली आहे. (हिची अजून पूजा झालेली नाही.) तुझ्या घरी कुलुपाचे लोखंडी कपाट आहे. त्यात ती ठेवशील का? फक्त कोरडी जागा हवी.

मामांना नमस्कार.

तुझी,
समीक्षा

ता. क. डिस्क कुरिअरने पाठवणार होते. आप्पांनी पाकीट माझ्या हातातून घेतले, उशाखाली ठेवले आणि नाकाशी बोट नेऊन नथीची खूण केली. या घरात ती खूण एकाच माणसाची आहे, त्यांच्या लेकीची. तू घाबरशील म्हणून बापूंनी तुला ऑपरेशनाविषयी आधी कळवले नाही, आणि त्या रागाने तू अजून आली नाहीस. पण आप्पांना वाटत होते की तुला कळवले आहे. आत नेईपर्यंत ते दाराकडे बघत होते.

पुन्हा ता. क. विश्वजितचा आत्ताच फोन आला. त्याने सगळ्या ओव्या इंटरनेटवर कधीच ठेवल्या आहेत, म्हणजे गावाबाहेरची प्रत झालेली आहे. तुझ्या कपाटाची आता गरज नाही. हे मी आप्पांना सांगितलेले नाही, तूही सांगू नकोस. डिस्क न्यायला ये.