घराच्या वतीनं

व्हर्ल्याक, १२ एप्रिल २०११

चि. वुकोतास,
यागलिकाताईचे आशीर्वाद. संत निकोला तुझा गुडघा लवकर बरा करो.

इगालोच्या आरोग्यधामातल्या गरम चिखलाच्या उपचारात तू आणि दोब्रिला सुखात असाल. इकडे बकऱ्या व्याल्या, बटाटे लावून झाले. काल शिरगणतीची मुलगी आली. वस्तीत आपल्या तिघांखेरीज कोणी उरलेलं नाही, त्यामुळे कॉफी निवायच्या आत तिचं काम झालं. घरी असेल तो सगळ्यांच्या वतीनं उत्तर देतो, हे तुला काय सांगायचं?

२००३ च्या शिरगणतीच्या वेळी मी चर्चला गेले होते. आई आतल्या खोलीतून ओरडून सांगत होती, मी वंशानं सर्ब आहे, तसंच लिहा. तू दार ओढून घेतलंस आणि म्हणालास, म्हातारीला भ्रम झालाय, चौघांनाही माँटेनेग्रिन लिहा. आईनं मला शब्दन्‌शब्द सांगितलं. मरेपर्यंत तेच सांगत होती.

या वेळी तिघांनाही सर्ब लिहिलंय. मेणबत्ती लावून मगच सही केली.

पथ्य सांभाळ.
तुझी ताई

पोदगोरित्सा, ३० सप्टेंबर २०११

ती. ताईस,
वुकोताचा नमस्कार. पक्षाच्या कामानं अजून शहरातच आहे.

तुझं पत्र मी थट्टेवारी नेलं. आता गाववार तक्ते छापून आलेत. व्हर्ल्याक, माणसं तीन, सर्ब तीन. आपण सर्ब नव्हे, वेगळे माँटेनेग्रिन, असं मानणाऱ्या आमच्या पक्षाच्या कचेरीत मी छातीठोकपणे सांगत आलो, आमच्या वस्तीत एकही सर्ब नाही. अध्यक्षांनी सगळ्यांदेखत तक्ता वाचला आणि विचारलं, वुकोता, तुझं घर कोणी बळकावलं काय रे? लोक खो खो हसले. निवडणुकीच्या उमेदवारांच्या यादीतून माझं नाव गेलं. दोब्रिला म्हणते, वन्सं उपास करतात ते याचसाठी.

आणि १९४८ च्या शिरगणतीत आईनं स्वतःच माँटेनेग्रिन सांगितलं होतं. एकाहत्तर साली तूही. तेव्हा संत निकोला रागावला नाही वाटतं? मला न विचारता मला सर्ब केलंस. मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?

पुढच्या वेळी मी घरीच असेन.
वुकोता

व्हर्ल्याक, २० डिसेंबर २०११

चि. वुकोतास,
आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यासाठी रोज प्रार्थना करते, त्यात खंड नाही.

फरक काहीच नाही. ते तुला कळावं म्हणूनच केलं. अठ्ठेचाळीस साली आईचं मन तसं होतं, पुढे बदललं. दोन्ही वेळा मन तिचंच होतं. आपण जिवंत असताना दुसऱ्यानं आपल्या वतीनं बोललेलं कसं झोंबतं, ते आता तुझं तू बघ.

काल आपल्या घरच्या संताचा, निकोलाचा सण. तू आला नाहीस. घरच्या पुरुषानं कापायचा सणाचा पाव मीच कापला. बाईमाणूस म्हणून पाद्रीबाबा जरा कुरकुरले, पण उपासाचा मासा दोनदा वाढून घेतला.

पुढच्या वेळी तू घरी असशील, हे मी मनावर घेतलंय. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, असं ती मुलगी म्हणाली होती. म्हणून गोठ्यालगतच्या खोलीत मी वेगळी चूल मांडली. आज तिच्यावर पहिली कॉफी केली. तुझ्या चुलीचं उत्तर आता तू खुशाल दे.

माया कमी झालेली नाही. रागही नाही.
यागलिका