आमीन जेवणाला म्हटलं होतं

४ एप्रिल
ठरलं. व्याह्यांवर दावा लावायचा. टोकतोसूनने आमच्या दोन अंगणांमधली मातीची भिंत नव्याने घातली, ती माझ्या बाजूला वीतभर सरकवून. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, मला नकाशा कळतो. बायको बुरुलचा म्हणाली, अहो, आपली नुरझात त्यांच्या घरात दिलीय, वीतभर मातीसाठी हे काय मांडलंय? म्हटलं, प्रश्न मातीचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, मग आज तत्त्वच वाढते ताटात. बायकोला कायदा समजावणं अवघड.
नुरझात रोज दुपारी नातवाला घेऊन येते. सहा महिन्यांचा झाला बेकतूर. माझी मिशी ओढतो. खटला फार तर दोन महिने चालेल. घरच्या संबंधांवर परिणाम होणार नाही, असं मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलंय.

११ एप्रिल
वकील केली. जानिल, माझीच विद्यार्थिनी. भूगोलात कच्ची होती, पण कायद्याला भूगोल लागत नाही. म्हणाली, सर, आधी गावातल्या म्हाताऱ्या पंचांसमोर जाऊन या, कोर्ट पहिल्यांदा तेच विचारतं. जाऊ. औपचारिकता.

१६ एप्रिल
पंचायत टोकतोसूनच्याच अंगणात भरली. हे मुळात चूक. उकडलेलं मटण, कणकेचे तळलेले बोर्सोक, चहा. सगळे जेवले, मीही जेवलो. अन्नाशी माझं भांडण नाही. जेवणं आटोपता आटोपता थोरले पंच म्हणाले, भिंत आहे तिथे राहू द्या, त्याबदल्यात टोकतोसून सरांच्या गोठ्याचं छप्पर नीट करून देईल. आणि हात वर करून आशीर्वाद दिला. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून आमीन म्हटलं.
मीही म्हटलं. जेवण झालं की हात आपोआप वर जातात, लहानपणापासूनची सवय. काय ठरलं हे लक्षात येईपर्यंत मंडळी बूट घालत होती.

१७ एप्रिल
जानिलने कपाळाला हात लावला. सर, तुम्ही तडजोड मान्य करून आलात, म्हणाली. मी म्हटलं, आमीन जेवणाला होतं, निकालाला नव्हतं. ती दाव्याचे कागद काढून भरायला लागली. मुद्दा पटला असावा.
दावा दाखल. सोबत नकाशा, मी स्वतः काढलेला. रंगीत.

९ मे
पोस्टमनने टोकतोसूनचं समन्स चुकून आमच्याकडे टाकलं. मीच नेऊन दिलं. तो म्हणाला, या व्याही, चहा घ्या. म्हटलं, आता आपण वादी-प्रतिवादी आहोत. म्हणाला, बरं, या वादी, चहा घ्या. घेतला नाही.
घेतला. पण साखर घातली नाही.

२ जून
प्रतिवादीची कैफियत आली. एकच वाक्य: त्यांनी आमीन म्हटलं. खाली साक्षीदार. माझा चुलतभाऊ त्यात आहे. शेवटचं नाव बुरुलचा! जाब विचारला. म्हणाली, मग काय खोटं सांगू? म्हटलं होतंत की, सगळ्यांत मोठ्याने.
नुरझात हल्ली येत नाही. उन्हाळ्यात त्यांच्याकडे कामं फार असतात.

३० जून
तारीख. न्यायाधीश रजेवर. जाण्या-येण्यात दिवस गेला. कंटाळलो नाही.

२१ जुलै
कोर्टाचा मोजणीदार आला. उन्हात टेप लावली. भिंत सरकलेली आहे. वीतभर नाही, चार बोटं. म्हणजे मी बरोबरच.

१८ ऑगस्ट
तारीख. मोजणीचा अहवाल टाइप झालेला नाही. थोडा थकवा. हवेमुळे.

५ सप्टेंबर
टोकतोसूनने भिंतीपलीकडून हाक मारली. बेकतूर धरून उभा राहतोय, म्हणाला, पायांत दोरी बांधायची आणि पोरांच्या शर्यतीत पहिला येईल त्याने ती कापायची, तो कार्यक्रम अठ्ठावीसला धरलाय, माणसं सांगून झाली, आणि नेमकी तीच कोर्टाची तारीख आलीय. दोघं मिळून पुढची मागून घेऊ. तुम्ही नसताना पोराला पहिलं पाऊल कसं टाकायला लावू?
वेळकाढूपणा! मी ओळखून आहे. लेखी हरकत दिली. जानिल म्हणाली, सर, एवढं नका ताणू. मी म्हटलं, मोठी हो आधी. कोर्टाने तारीख कायम ठेवली. पहिला विजय.
दुपारपर्यंत कोर्ट आटपून कार्यक्रमाला पोचेन. दोन्ही साधेल.

२८ सप्टेंबर
प्रतिवादी गैरहजर. त्याचे साक्षीदार गैरहजर. माझेही गैरहजर, सगळे कार्यक्रमाला. आमचा पुकारा दुपार उलटल्यावर झाला. न्यायाधीशबाईंनी एवढंच विचारलं, आमीन म्हटलं होतंत का? मी जेवणाचं आमीन आणि निकालाचं आमीन यांतला फरक सविस्तर मांडला. ऐकायला जानिल आणि टायपिस्ट. दावा फेटाळला. पंचांची तडजोड कायम.
घरी आलो तेव्हा पलीकडे सतरंज्या झटकत होते. बुरुलचाने ताट झाकून ठेवलं होतं. म्हणाली, टोकतोसून सारखा म्हणत होता, थांबा, व्याही येतीलच. पोरं शर्यतीसाठी ताटकळून रडायला लागली, तेव्हा कुठे पळवली. पहिल्या आलेल्या पोरीने दोरी कापली आणि बेकतूर सरळ टोकतोसूनकडे चालत गेला.
जेवलो नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१ ऑक्टोबर
जानिलचा फोन. अपिलाला मुदत आहे म्हणाली. बघू म्हटलं.
संध्याकाळी पलीकडे गेलो. टोकतोसूनने उठून जागा दिली. नुरझातने बेकतूरला माझ्यासमोर उभं केलं. बाबा, बोलवा त्याला, म्हणाली. मी गुडघ्यांवर बसलो, हात पसरले, बोलावलं. त्याने माझ्याकडे बघून ओठ काढले, वळला आणि तिच्या पायांमागे लपून रडायला लागला. ती ओशाळली. ओळखत नाही हो अजून, म्हणाली.
मी म्हटलं, असू दे गं. नवीन माणसाला पोरं घाबरतातच.