शिवांशला शेंगदाणे चालत नाहीत

३ डिसेंबर
मंजूचा सातवा वाढदिवस चौदाला, रविवारी. या वर्षी सगळा कार्यक्रम मी हातात घेतला. शिल्पा म्हणाली, कशाला, दरवर्षी मी करतेच की. तिला शांतपणे समजावलं की घरच्यांना वाढणं वेगळं आणि पाहुण्यांचं करणं वेगळं. ते मॅनेजमेंट आहे. लातूरच्या गंजगोलाईत ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला माणसं कशी सांभाळायची हे शिकवावं लागत नाही.
ती भाजी निवडायला निघून गेली. पटलं असावं.

४ डिसेंबर
मागच्या महिन्यात मंजूच्या वर्गातल्या एका वाढदिवसाला गेलो होतो. पोरांना केक, सामोसे, वेफर्स. आम्हा आईबापांना काहीच नाही. भिंतीला टेकून दुसऱ्यांची पोरं खाताना बघत बसलो. एका बाईने पोराच्या प्लेटमधला सामोसा मोडून तोंडात टाकला, तेवढ्यात माझी नजर गेली तर बिचारी चावायची थांबली. तशीच, गाल फुगवून.
असा प्रसंग माझ्या घरी कुणावर येणार नाही. पोरांना आधी, कागदी प्लेटमध्ये. मोठ्यांना लगेच, स्टीलच्या प्लेटमध्ये. नको म्हणणाऱ्याला दोनदा आग्रह, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा केला की जुलूम होतो. बिनअंड्याचा केक, आप्पे, गुलाबजाम, आईच्या हातची चुरमुऱ्याची सुशीला आणि तिच्याच शेंगांच्या पोळ्या. आई उदगीरची. शेंगांच्या पोळ्यांसाठी लोक तिला अजून फोन करतात.
कुणी उपाशी गेलं तर नाव बदलीन.

६ डिसेंबर
वर्गाच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं, मेनूसकट. मेनू आधी कळवणं ही आजकालची पद्धत आहे. अंगठेच अंगठे आले. मग एक मेसेज: ‘शिवांशला शेंगदाणे चालत नाहीत. प्लीज बघाल का?’
शेंगदाणे न चालणारं पोरगं, आणि लातूरमध्ये! हसलो. शिल्पा म्हणाली, त्याच्या आईला फोन करून नीट विचारा. म्हणालो, पाहुण्याला उलटे प्रश्न विचारायचे नसतात. यजमानाला इशारा पुरतो.
मग तिने सांगितलं की शिवांश म्हणजे दयानंद साहेबांचा मुलगा. नांदेडहून बदलून आलेले नवे पोलीस इन्स्पेक्टर.
हसायचं थांबवलं.

७ डिसेंबर
मोबाईलवर वाचलं. वाचायला नको होतं. काही पोरांना शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तोंड सुजतं, अंगावर लाल चट्टे येतात, श्वास अडकतो. कण! आमच्या घरात तर कूट हवेत असतो.
दुकानात गिऱ्हाईक ताडपत्रीचं माप सांगत होतं, मी दुसरंच कापलं.
घाबरलो नाही. सावध झालो.

८ डिसेंबर
शिल्पाने परत सांगितलं, विचारा. मी म्हणालो, आता तर मुळीच नाही. आता विचारलं तर त्यांना वाटेल की दोन दिवस आपण निष्काळजी होतो. इन्स्पेक्टरच्या घरी असं वाटून चालत नाही.

९ डिसेंबर
मोहीम सुरू. घरातले सगळे शेंगदाणे, कूट, शेंगांची चटणी पोत्यात भरून दुकानात नेऊन टाकली. शेंगांच्या पोळ्या रद्द. आई पोत्याच्या मागे फाटकापर्यंत आली. म्हणाली, “आरं सोमू, शेंगाबिगर सुशीला म्हंजे नुसतं भिजलेलं चुरमुरं. चिमण्या बी खायच्या न्हाईत.” मी म्हणालो, चिमण्यांना बोलावलेलं नाही, साहेबांना बोलावलंय.
आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी तिच्या माहेरच्या कन्नडमध्ये बोलली. फार राग आल्यावरच ती तसं करते.

११ डिसेंबर
तेल! तेलाचं लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे शेंगदाण्याचंच तेल. करडईचं आणलं. मग वाटलं, कढईला जुनं तेल लागलेलं असणार. नवी कढई आणली. आप्पेपात्र तीनदा घासून घेतलं. तिसऱ्यांदा स्वतः घासलं, कारण शिल्पाने घासणी माझ्या हातात दिली आणि निघून गेली.
बेकरीवाल्याला विचारलं, केकमध्ये शेंगदाणे असतात का? नाही म्हणाला. शेंगदाण्याला हात लावलेल्या हाताने केक करता का? त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.
जेवण उतरत नाही. थंडीमुळे असेल.

१२ डिसेंबर
मंजूला विचारलं, शिवांश वर्गात कसा असतो? म्हणाली, लई पळतो. श्वास लागतो का? म्हणाली, पळल्यावर सगळ्यांनाच लागतो की, पप्पा.
मुलीला यातलं गांभीर्य कळत नाही. वयच तसं आहे. तिचं लक्ष फक्त फुग्यांकडे.
शाळेच्या गेटवर दयानंद साहेब दिसले. उंच आहेत. मी झाडामागे उभा राहिलो. सावलीसाठी.

१४ डिसेंबर, सकाळ
सगळी तयारी चोख. खाणं सामानाच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. कुणी पाहुणा खिशात खारे दाणे घेऊन आला आणि हात न धुता पातेल्याजवळ गेला तर? किल्ली करदोड्याला बांधली. शिल्पा म्हणाली, किल्ली मला द्या, ऐन वेळी तुम्ही कुठं तरी असाल. मी हसून म्हणालो, आज मी कुठे जाणार?

१४ डिसेंबर, संध्याकाळ, सामानाच्या खोलीतून
घर भरलं. पोरं, त्यांच्या आया, दोन आज्या, कुणाचा तरी मामा. दारात प्रत्येकाला हात धुवायला लावले. मामाने कारण विचारलं. सांगितलं, पद्धत आहे.
शिवांशला त्याची आई दारात सोडून गेली. साहेब घ्यायला येणार आहेत.
केक कापला. मंजूने पहिला घास मला भरवला. चव कळली नाही, शिवांशकडे बघत होतो.
आता प्लेटा भरायला आत आलोय. जरा बसलो. भीती वाटते म्हणून नाही, इथे गार आहे. मोबाईल इथेच चार्जिंगला लावला. बाहेर पोरांचा आरडाओरडा. मध्येच शांत झाले की दाराला कान लावतो.
शिल्पा दार वाजवतेय. म्हणतेय, लोकांना भूक लागलीय. बरोबर आहे. एकदा शिवांशला डोळ्याखालून घालतो, मग लगेच वाढायला घेतो.

१५ डिसेंबर
काल जे झालं ते शांतपणे लिहून ठेवतो.
खोलीला कुलूप लावून बाहेर आलो. शिवांश खिडकीजवळ उभा होता. ओठ लाल. एक गाल कानापर्यंत लाल. तो गाल खाजवत होता आणि धापा टाकत होता.
मोबाईलवर वाचलेलं एकेक वाक्य डोळ्यांसमोर आलं. शिल्पा स्वयंपाकघरात पाण्याचे ग्लास भरत होती, आई आतल्या खोलीत बायकांत बसली होती. मी ‘येतो’ एवढं ओरडलो, पोराला उचललं आणि स्कूटरवर पुढे उभं केलं.
बार्शी रोडला रविवारची गर्दी. एका हाताने हँडल, दुसरा हात पोराच्या छातीवर. श्वास येतोय का रे, म्हणून विचारत होतो. तो हो म्हणायचा. मग हूं म्हणायला लागला. मग काहीच बोलेना. मी ओरडलो, “शिवांश, बोल की राजा!” तो म्हणाला, काका, तोंडात वारं जातंय.
पहिला दवाखाना बंद. शटरवर रविवारची पाटी. स्कूटर तशीच वळवली. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाने शिट्टी मारली, वाटलं, साहेबांना कळलं. थांबलो नाही. दुसरा दवाखाना वरच्या मजल्यावर. पोराला खांद्यावर घेऊन जिना चढलो. मंजूएवढाच जड होता. मंजूला उचलून घेतल्यासारखंच वाटलं आणि मग मात्र मला पायऱ्या दिसेनात. बसवेश्वरा, बसवेश्वरा करत वर पोचलो.
डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. मी म्हणालो, शेंगदाणे! त्यांनी विचारलं, कधी खाल्ले? मी म्हणालो, खाल्ले नाहीत, पण हवेत असतील. त्यांनी पोराची छाती तपासली, टॉर्च लावून घसा बघितला, मला बाकावर बसायला सांगितलं. मग कापूस ओला करून त्याच्या गालावरून फिरवला. लाल रंग कापसावर आला. गाल स्वच्छ. त्यांनी कापूस नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, स्ट्रॉबेरी.
केकचं क्रीम. वाळलं की खाजतं म्हणे. आणि धाप? शिवांश म्हणाला, आम्ही पळापळी खेळत होतो, मीच जिंकलो.
मग बाईंनी त्याला विचारलं, शेंगदाणे खाल्ल्यावर तुला काय होतं रे? तो म्हणाला, “दाना दाढंत अडकतो. मग मम्मी काडीनं काढती. लई दुखतं.”
मी बाकावरच बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं. तिथे फिनेलचा वास फार होता.

परत आलो तर घर उघडं. पंखा चालू, फुगे जमिनीवर लोळत होते, आणि माणूस एकही नाही. आईसुद्धा नाही. दारातल्या चपला गायब. मंजू, म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मोबाईल करावा म्हटलं तर तो कुलपात. वाटलं, साहेब आले, पोरगं जागेवर नाही, सगळ्यांना चौकीत घेऊन गेले. माझ्या मुलीला तिच्या वाढदिवशी! शिवांशचा हात धरून रस्त्यावर धावत सुटलो.
कोपऱ्यावर भेळेच्या गाड्याला सगळी वरात उभी. पोरं, आया, आज्या, मामा. आई दुकानाच्या पायरीवर बसून शेवपुरी खात होती. शिल्पा द्रोण वाटत होती. मंजूच्या नाकाला चटणी लागलेली. आणि मध्यभागी, हातात द्रोण घेऊन, दयानंद साहेब.
शिल्पा मला एकच वाक्य म्हणाली. किल्ली तुमच्याकडे, मोबाईल आत, लोकांना किती वेळ पाणी पाजू?
साहेबांनी विचारलं, आमच्या पोराला घेऊन कुठं गेला होता? मी म्हणालो, चक्कर मारायला. तेवढ्यात शिवांशने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. स्ट्रॉबेरीसकट.
साहेब चावायचे थांबले. मला वाटलं, आता. ते म्हणाले, “ॲलर्जी न्हाई हो. दाढंत भोक हाय त्याच्या. फोन करून विचारायचं की.” मग गाड्यावरचा एक द्रोण उचलून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, “खावा आधी. किती थरथरायलाव.”
तोपर्यंत मला माहीत नव्हतं की मी थरथरतोय. संध्याकाळी गारवा असतो.

१६ डिसेंबर
नाश्त्याला सुशीला. कालही होती. पातेलं मोठं आहे. आईने बाकीच्यांसाठी उपमा केला आणि माझ्यासमोर सुशीला ठेवून समोर बसून राहिली. पहिला घास घेतला. पाण्याबरोबर गिळला. तिने आणखी डावभर वाढली.
ग्रुपवर आभाराचे मेसेज आलेत. सगळे शिल्पाला. ‘काय भारी आयडिया, भेळ पार्टी!’ तिने मला वाचून दाखवले नाहीत, मीच वाचले. एकंदरीत कुणी उपाशी गेलं नाही. म्हणजे मूळ उद्देश साध्य झाला.

१८ डिसेंबर
आज मंजूला शाळेत सोडायला गेलो. वाटेत तिने विचारलं, पप्पा, तुम्ही दवाखान्यात रडलात का? शिवांश सांगत होता. मी म्हणालो, फिनेल होतं. ती म्हणाली, तो सगळ्या वर्गाला सांगायलाय. मी विचारलं, पोरं हसली का? म्हणाली, काही हसली. मी नाही.
शाळेसमोर रस्ता ओलांडायचा होता. उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक चाललेले. मी थांबलो. तिने माझी दोन बोटं घट्ट धरली, दोन्ही बाजूंना बघितलं आणि म्हणाली, “भिऊ नका पप्पा, मी हाय ना.”
बोटं सोडवून घेतली नाहीत. ट्रॅफिक फार होतं.