वरमायेचं कानातलं

आये, काल तुझ्या नातवाची हळद झाली. तू गेलीस तेव्हा शाळेत जायला नको म्हणून दाराला लोंबकळणारा तो, आता नवरदेव. मांडवात सगळा गाव होता आणि मी मात्र वहिनीच्या कानांकडे बघत बसले होते. तुला सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या कानांनी फार सोसलं. मिठागरं नव्या शहरात गेली, जमिनीचे पैसे आले आणि गावातल्या बायकांच्या कानांना येऊन लटकले. घरचा मान म्हणून प्रत्येक लग्नात तू ते मणामणाचे झुमके घालायचीस, आणि एक दिवस दोन्ही पाळ्या फाटल्या. दादा पनवेलला डॉक्टरकडे न्यायला तयार होता, तर तू म्हणालीस, "टाके घालून मी काय आता नवरी होनार हाय?" त्यानंतर लग्नाला जाताना पदर कानांवरून ओढून घ्यायचीस. मी तेव्हा मुंबईत दागिन्यांचं डिझाइन शिकत होते. सुट्टीत घरी आले, तर तू चष्मा लावून तांदूळ निवडत बसलेली. चष्म्याची काडी कानामागे कशी बसते ते मी बघत राहिले. मग तांब्याची तार तशीच वाकवली, खाली भाताच्या दाण्याएवढे चांदीचे मणी सोडले. पाळीला भोक लागतच नाही, असं कानातलं. तू उलटंसुलटं करून पाहिलंस. "सोना नाय, वजन नाय. यो कसला दागिना गो?" तरी दुसऱ्या दिवशी चुलीपुढे तू भाकरी थापते आहेस आणि कानात ते हलतं आहे. मी दारात उभी आहे, तुला ठाऊक नाही. एवढ्यात अंगणात काकीच्या, तुझ्या जावेच्या, चपला वाजतात, आणि तू झटकन ते काढून पिठाच्या डब्यात टाकतेस. मला फार लागलं ते. तू ते रोज घातलंस, पण उंबऱ्याच्या आतच.

आता कामोठ्यात एका खोलीत माझं काम चालतं. तार ठोकायची, वाकवायची, डाग देऊन सांधायचं, घासायचं, सगळं हातानं. खारघरच्या पोरी हौसेनं नेतात. गावात मात्र 'तारा वाकवते' एवढीच माझी ओळख; आपल्या माणसांतल्या कुणी कधी एक जोड मागितला नव्हता. आणि गेल्या महिन्यात वहिनी रिक्षा करून एकटीच आली. तुझे झुमके तिच्याकडे गेले, तिच्याही पाळ्यांची तीच गत झाली. पदर बाजूला करून म्हणाली, "वरमाय हाय मी. तोंड झाकून बसू काय? आयेला केलेलास तसा मना पन कर." मी म्हटलं, "वैनी, आय ते घालून कधी भायेर गेली नाय." "म्हनूनच," ती म्हणाली. मी जोड घडवला खरा, पण जीव टांगणीला लागला. बायका हसल्या तर हसं वरमायेचं होणार, आणि माझं काम दागिना नव्हेच, हे आपल्याच मांडवात ठरणार.

काल मांडवात वहिनी पोराला हळद लावायला वाकते आणि डावं कानातलं सुटून हळदीच्या ताटात पडतं. वाजंत्री चालूच, पण आमच्या कोपऱ्यात सगळ्यांच्या माना ताटाकडे वळतात. काकी ते उचलते, तळहातावर झेलून बघते. "काय वजनच नाय याला." वहिनीने ते तिच्या हातून घेतलं, पदराला पुसलं आणि सगळ्यांदेखत पुन्हा कानामागे अडकवलं. "वजन नाय म्हनून तर पदर नाय घेतला, काकी." मग काकीने कानावरून स्वतःचा पदर मागे सारला. तिचीही पाळी फाटलेली, आये! इतकी वर्षं तुम्ही दोघी जावा मांडवात शेजारी शेजारी बसायचात, आणि एकमेकींपासूनच लपवत होतात. "मना पन कर," काकी म्हणाली, "पन घट्ट कर. पडता कामा नाय." मला हसूही आलं आणि रडूही.

उद्या तिच्या कानाचं माप घ्यायला जायचं आहे. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. माझी कानातली सगळ्यांनाच थोडी सैल होतात. खारघरच्या पोरी तक्रार करतात, आणि हातकाम असंच असतं म्हणून मी वेळ मारून नेते. खरं म्हणजे आजवर मी कुणाचं माप घेतलेलंच नाही. सगळं तुझ्याच कानावर बेतत आले.