पहिल्या गाडीतला डबा

मुरुड,
शुक्रवार

चि. मल्लेश यास,
विरूपाक्षदाजीचा शरणार्थ आणि आशीर्वाद.

अव्वांच्या खुब्याचं दुखणं उतरत असेल. वॉकर धरून त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथे उभं राहून त्यांनी तुला चार शब्द सुनावले, असं तुझी बहीण उज्वला फोनवर म्हणाली. म्हणजे प्रकृती सुधारते आहे. ती आईपाशी आहे, तिला तिथेच राहू दे. इकडे सगळं ठीक आहे. (हे पत्र निलंग्याला जाणाऱ्या कापडाच्या गाठोड्यातून पाठवतो आहे. फोन केला असता. पण तुझ्या फोनवर माझं नाव दिसलं की तो तुझी बहीण उचलते.)

तुझी भाची पुनम लातूरला खोली घेऊन डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते. मेसचं अन्न तिला सोसत नाही. म्हणून उज्वलाच्या हातचा डबा मुरुडहून पहिल्या एसटीने जातो. ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर असे बरेच डबे असतात, प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव. लातूरच्या स्टँडवर मुलं येऊन आपापला डबा उचलतात. हा डबा मी आजवर फक्त रिकामा परत आलेला पाहिला होता. तो भरतो कसा, याचा कधी विचार केला नव्हता. दुकानातल्या गादीवर बसून मी गिऱ्हाइकांना सांगायचो, की माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं. (हे मी नेहमी बसूनच सांगत आलो, हे आता लक्षात येतं.)

उज्वला तुमच्याकडे निघाली तेव्हा मी तिला म्हणालो, डब्याचं मी बघतो. पहिल्या दिवशी कढी केली. कढी एसटीने पाठवायची नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वाटेतल्या गतिरोधकावर झाकण उडालं आणि कढी एका तरुणाच्या पांढऱ्या पॅन्टवर गेली. तो मुलगी बघायला निघाला होता. त्याचं जमलं नाही. हल्ली दुकानावरून जाताना तो थांबतो, आत बघतो आणि पुढे जातो. नंतर दोडका केला. तो बाहेरून जळाला आणि आतून कच्चा राहिला. भाकरीबद्दल लिहीत नाही. पण संध्याकाळी पुनमचा फोन आला, "पप्पा, भाजी लई भारी झालती." पुढेही रोज तेच. सराव परीक्षेत तिचे गुण वाढले. मला वाटू लागलं की पुरुषाच्या हाताला उपजतच चव असावी, आणि बायकांनी ती इतकी वर्षं कळू दिली नसावी.

काल माल बघायला मीही त्याच गाडीने निघालो. डबा कंडक्टर शिवशंकरच्या हातात दिला आणि गर्दीत पुढेच उभा राहिलो. फाट्यावर धुरपताबाई चढल्या. बेल आणि फुलं घेऊन त्या रोज लातूरच्या बाजाराला जातात. तोवर मी त्यांना ओळखत नव्हतो, त्या मला ओळखत नव्हत्या; नावगाव मागून शिवशंकरने सांगितलं. बसल्या बसल्या त्यांनी पुनमचा डबा उचलला, उघडला आणि वास घेतला.

"आज काय केलंय वैऱ्यानं?"

"वांगं असंल," शिवशंकर खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"वांगंच हाय. मारून टाकलंय."

त्यांनी माझं वांगं कागदात काढून ठेवलं आणि स्वतःच्या शिदोरीतली अंबाडीची भाजी डब्यात भरली. मागच्या सीटवरून एका बाईने न विचारता दोन भाकऱ्या पुढे केल्या. माझ्या भाकऱ्या तिने शेळीसाठी ठेवून घेतल्या. कोणी लोणच्याची फोड दिली. ड्रायव्हरने गाडी हळू केली, झाकण लागेपर्यंत हळूच ठेवली. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. हे रोजचं होतं.

"माय गेलीय आजीचं करायला, बापच रांधायलाय म्हणं," धुरपताबाई मला म्हणाल्या. "तुमच्याच गावचा हाय. वळखता का?"

"तोंडओळख आहे," मी म्हणालो.

"मंग सांगा त्याला, पोरगी हिंमतीची हाय. आन् हे झाकण धरा जरा."

मी झाकण धरलं. मल्लेश, मी पुष्कळ देवळं पाहिली आहेत. काल मुरुडच्या गाडीत जसे हात जोडावेसे वाटले तसे कुठे वाटले नव्हते. हातात झाकण होतं, म्हणून जोडता आले नाहीत. माझी समजूत अशी होती, की पोरगी लातूरला एका टेबलाशी एकटी बसून शिकते. तिच्याखाली अख्खी एसटी होती.

स्टँडवर मी खांबाआड उभा राहिलो. पुनम आली, धुरपताबाईंच्या पाया पडली, डबा घेऊन क्लासला पळाली.

अव्वांना माझा शरणार्थ सांग. त्यांच्या पायाला उतावीळ करू नका. इथलं मी सांभाळतो आहे.

तुझा दाजी,
विरूपाक्ष

ता.क. – धुरपताबाई सोमवारपासून लेकीच्या बाळंतपणासाठी नायगावला निघाल्या आहेत. परीक्षा तोंडावर आली. उज्वलाला हे कळलं तर ती तशीच उठून येईल, आणि अव्वांचं चालणं उंबऱ्यापाशी थांबेल. निलंग्याहूनही लातूरला सकाळची गाडी आहे. त्या गाडीत डबा ठेवशील का? उज्वलाला म्हण, पोरीला आईच्या हातच्या जेवणाची आठवण येते. माझं नाव काढू नकोस.

ता.क. दुसरा – गाठोडं बांधत होतो, तेवढ्यात पुनमचा फोन आला. तिला पहिल्यापासून सगळं माहीत आहे. म्हणाली, "पप्पा, माझं तर भागायलंय. तुम्ही काय खायलाव?" तेव्हा डबे दोन पाठव. दुसरा ती लातूरहून मुरुडच्या गाडीत ठेवणार आहे. शिवशंकरशी तिने बोलून ठेवलं आहे. दुसरा कोणाचा, असं उज्वला विचारीलच. तिला सांग, पुनमच्या मैत्रिणीचा. मैत्रिणीला वांगं चालत नाही, आणि भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा लागतो.